क्लोथो प्रथिन आणि रोहिण्यांचे वार्धक्य

क्लोथो हे मुख्यत्वे वृक्कात (मूत्रपिंडात) निर्माण होणारे प्रथिन असून शरीरातील फॉस्फेटाचा समतोल राखण्यात त्याचा प्रमुख वाटा असतो. या प्रथिनाच्या अभावी उंदरांत अकाली वार्धक्यासारखी लक्षणे दिसू लागतात आणि त्यांच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्या) कॅल्शियमयुक्त लवणे साचून कठीण होतात. जपानी वैज्ञानिक माकोतो कुरो-ओ व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये या प्रथिनाच्या जीनाचा (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणाऱ्या घटकाचा) शोध जाहीर केला. अतिरक्तदाबाच्या अभ्यासासाठी योजिलेल्या प्रयोगातून तो अनपेक्षितपणे लागला. रोहिण्या कठीण होणे ही केवळ दीर्घकालीन झीज नसून वृक्क, अस्थी व रक्तातील खनिजे यांच्या परस्परसंबंधांशी ती निगडित आहे, ही जाणीव दृढ करण्यात या शोधाचा मोठा भाग आहे.

पूर्वपीठिका : मनुष्याचे खरे वय त्याच्या रोहिण्यांच्या अवस्थेवरून ओळखावे, हे मत वैद्यकात जुने आहे. वाढत्या वयाबरोबर रोहिण्यांत दोन प्रकारचे बदल प्रामुख्याने आढळतात. पहिल्या प्रकारात भित्तीच्या अंतःस्तरात कोलेस्टेरॉल व इतर मेदी पदार्थ साचून वाहिनीचा मार्ग अरुंद होतो. यास रोहिणीविलेपीविकार म्हणतात. दुसऱ्या प्रकारात भित्तीच्या मध्यस्तरात कॅल्शियम फॉस्फेट साचते. मार्ग फारसा अरुंद न होताही वाहिनीची लवचिकता त्यामुळे नष्ट होते. या दुसऱ्या प्रकाराचे सविस्तर वर्णन जर्मन विकृतिवैज्ञानिक योहान गेओर्ख म्यंकेबेर्ख यांनी १९०३ मध्ये केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लवचिकता गमावलेल्या रोहिणीत हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर दाब अधिक चढतो. हृदयाच्या डाव्या निलयावर (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यावर) त्यामुळे कायमचा अधिक भार पडतो व त्याची भित्ती जाड होत जाते.

जुन्या नळाच्या आत क्षार साचावेत त्याप्रमाणे रोहिण्यांत खनिजे आपोआप साचतात, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिला धक्के बसू लागले. अस्थिनिर्मितीस चालना देणारे एक प्रथिन मानवी रोहिणीविलेपात उपस्थित असल्याचे १९९३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना आढळले. ‘मॅट्रिक्स ग्ला’ या प्रथिनाचा जीन काढून टाकलेल्या उंदरांच्या रोहिण्या खनिजांनी भरून जातात व हे उंदीर सु. दोन महिन्यांत मरतात, असे १९९७ च्या प्रारंभी दाखविण्यात आले. रोहिणीची भित्ती खनिजे साचू न देण्याचे कार्य सतत करीत असते आणि ते थांबले म्हणजे कठीणता येते, असा या प्रयोगांचा अर्थ होता. क्लोथोचा शोध याच वर्षी जाहीर झाला.

कुरो-ओ यांचे प्रारंभीचे कार्य : कुरो-ओ यांचे वैद्यकीय शिक्षण टोकिओ विद्यापीठात झाले आणि त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय रक्तवाहिन्या हाच होता. रोहिणीच्या भित्तीतील अरेखित (अनैच्छिक) स्नायूंच्या कोशिकांमध्ये मायोसीन या आकुंचनशील प्रथिनाचे वेगवेगळे प्रकार असतात आणि शरीराच्या वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांत त्यांचे प्रमाण बदलते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविले. भ्रूणावस्थेत विपुल असणारा मायोसिनाचा एक प्रकार विकारग्रस्त रोहिणीत पुन्हा प्रकट होतो, असे त्यांच्या १९९१ च्या निबंधावरून स्पष्ट झाले. प्रौढ कोशिका आपले निश्चित कार्य सोडून पूर्वावस्थेकडे वळू शकते, ही गोष्ट पुढील काळात रोहिण्यांच्या कठीणतेच्या अभ्यासात महत्त्वाची ठरली.

यानंतर त्यांनी अतिरक्तदाबाचा प्रश्न हाती घेतला. कोशिकेच्या पटलातून सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन (विद्युत् भारित अणू) बाहेर टाकणाऱ्या एका प्रथिनाचा जीन उंदरांच्या भ्रूणांत घालून ते प्रथिन अधिक प्रमाणात निर्माण करणारे वंश त्यांनी तयार केले. अशा उंदरांत मिठाच्या सेवनाने रक्तदाब वाढतो, असा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

शोध : बाहेरून घातलेला जीन गुणसूत्रावर नेमका कोठे जाऊन बसेल, यावर त्या काळच्या पद्धतीत प्रयोगकर्त्याचे नियंत्रण नसे. वरील प्रयोगातील एका वंशात तो जीन अशा जागी बसला की, तेथील मूळच्या एका अज्ञात जीनाचे कार्य जवळजवळ बंद पडले. दोषयुक्त गुणसूत्र माता व पिता या दोहोंकडून मिळालेली पिले जन्मतः निरोगी दिसत. तीन-चार आठवड्यांनंतर मात्र त्यांची वाढ खुंटे. पुढे वंध्यत्व, त्वचेची क्षीणता, यौवनलोपी (थायमस) ग्रंथीचा ऱ्हास, अस्थींची विरलता, फुप्फुसातील वायुकोशांचा विस्तार, मृदू ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) खनिजांचा संचय व रोहिण्यांची कठीणता ही लक्षणे क्रमाने प्रकट होत. निरोगी उंदीर प्रयोगशाळेत दोन वर्षांहून अधिक जगतो. हे उंदीर सरासरीने सु. ६० दिवस जगत.

अतिरक्तदाबाच्या मूळ प्रश्नाशी या वंशाचा संबंध नव्हता. अशा प्रकारचे वंश सामान्यतः टाकून दिले जातात. कुरो-ओ यांनी मात्र तो जतन केला व बिघडलेल्या जीनाचा शोध घेण्याचे ठरविले. टोकिओच्या राष्ट्रीय तंत्रिकाविज्ञान संस्थेत योइची नाबेशिमा यांच्या विभागात हे काम झाले. घुसलेल्या जीनाच्या आसपासचा भाग वाचून मूळचा जीन अलग करण्यात आला. त्याची निरोगी प्रत दोषयुक्त उंदरांत घातल्यावर वार्धक्याची लक्षणे टळली आणि अशा रीतीने कार्यकारणसंबंध सिद्ध झाला. ही माहिती नोव्हेंबर १९९७ मध्ये *नेचर* या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

ग्रीक पुराणकथांत मनुष्याचे भाग्य तीन भगिनींच्या हाती असल्याचे मानले आहे. क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस तो मोजते व ॲट्रोपॉस तो तोडते. यांपैकी पहिलीचे नाव या जीनास देण्यात आले. मानवात हा जीन तेराव्या गुणसूत्रावर असून त्यापासून तयार होणारे प्रथिन १,०१२ ॲमिनो अम्लांचे असते. प्रथिनाचा बहुतेक भाग कोशिकापटलाच्या बाहेर असतो. तो पटलापासून तुटून रक्तात व मूत्रातही आढळतो. वृक्काखेरीज परावटू ग्रंथीत (अवटू ग्रंथीलगतच्या व कॅल्शियमाचे नियंत्रण करणाऱ्या ग्रंथीत) आणि मेंदूतील द्रव स्रवणाऱ्या झालरीसारख्या वाहिनीजालातही ते असते. एवढ्या मोजक्या जागी असणाऱ्या प्रथिनाच्या अभावी त्वचेपासून फुप्फुसापर्यंत सर्व शरीर जराजर्जर का व्हावे, हे कोडे मात्र या शोधाने सुटले नाही.

फॉस्फेटाचा संबंध : या कोड्याचे उत्तर दुसऱ्याच एका शोधमालिकेतून मिळाले. रक्तातील फॉस्फेट कमी होऊन अस्थी मृदू होण्याच्या एका आनुवंशिक विकाराचा अभ्यास करताना २००० मध्ये ‘फायब्रोब्लास्ट वृद्धी घटक–२३’ (यापुढे ‘घटक–२३’) या प्रथिनाचे महत्त्व लक्षात आले. हे प्रथिन अस्थींत निर्माण होणारे हॉर्मोन (सरळ रक्तात मिसळणारा उत्तेजक स्राव) आहे. ते वृक्कास अधिक फॉस्फेट मूत्रावाटे टाकण्यास लावते व ड जीवनसत्त्वाच्या क्रियाशील रूपाची निर्मिती कमी करते. २००४ मध्ये या हॉर्मोनाचा जीन नसलेले उंदीर जपानमध्ये तयार करण्यात आले, तेव्हा त्यांची लक्षणे क्लोथोहीन उंदरांच्या लक्षणांशी विलक्षण मिळतीजुळती असल्याचे दिसले. दोन्ही वंशांत रक्तातील फॉस्फेट व क्रियाशील ड जीवनसत्त्व वाढलेले होते.

या साम्याचा उलगडा २००६ मध्ये झाला. अमेरिकेतील डॅलस येथील टेक्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्या वेळी कार्य करीत असलेले कुरो-ओ व त्यांचे सहकारी आणि जपानमधील एक स्वतंत्र संशोधकगट यांनी एकाच वर्षी असे दाखविले की, घटक–२३ ला कोशिकेवरील आपल्या ग्राहीशी (संदेश स्वीकारणाऱ्या रेणूशी) घट्ट संयोग पावण्यासाठी क्लोथोची गरज असते. अस्थींकडून संदेश येत असला, तरी क्लोथो नसल्यास वृक्कास तो कळत नाही आणि फॉस्फेट शरीरातच राहते. या तिन्ही रेणूंच्या संयोगाची त्रिमितीय रचना २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी स्फटिकांच्या साहाय्याने निश्चित केली व या उपपत्तीस पुष्टी मिळाली.

दोषाचे मूळ फॉस्फेटात असेल, तर ते कमी केल्याने लक्षणे टळावयास हवीत. आहारातील फॉस्फरस घटविल्यास क्लोथोहीन उंदरांची स्थिती सुधारते, असे २००१ मध्येच आढळले होते. अधिक निर्णायक पुरावा २०१० मध्ये पुढे आला. वृक्कात फॉस्फेट परत शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनाचा जीनही ज्यांतून काढून टाकला आहे, असे क्लोथोहीन उंदीर बॉस्टन येथील संशोधकांनी तयार केले. त्यांच्या रक्तातील फॉस्फेट उतरले, लक्षणे बव्हंशी नाहीशी झाली व आयुष्य वाढले. त्याच उंदरांना फॉस्फेटयुक्त आहार दिल्यावर लक्षणे परत आली. यामुळे क्लोथोहीन उंदरांच्या अकाली वार्धक्यामागे फॉस्फेटाची विषाक्तता हे प्रमुख कारण असल्याचे मानले जाऊ लागले.

वृक्कविकार, रोहिण्या व हृदय : या संशोधनाचा सर्वांत निकटचा संबंध चिरकारी (दीर्घकालीन) वृक्कविकाराशी येतो. या विकाराच्या रुग्णांत रोहिण्यांची कठीणता तरुण वयातच आढळते आणि त्यांतील अनेकांच्या मृत्यूचे कारण वृक्कपात हे नसून हृद्‌रोग हे असते. रक्तशुद्धीकरणावर (डायालिसिसवर) असलेल्या ज्या रुग्णांच्या १०० मिलि. रक्तद्रवात ६·५ मिग्रॅ. पेक्षा अधिक फॉस्फरस होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका सु. २७ टक्के अधिक होता, असे अमेरिकेतील १९९८ च्या एका पाहणीत आढळले. अशा रुग्णांच्या वृक्कांत क्लोथोचे प्रमाण फार घटलेले असते, हे २००१ मध्ये दिसून आले.

फॉस्फेट रोहिणीवर कोणत्या प्रकारे परिणाम करते, याविषयीचा महत्त्वाचा प्रयोग २००० मध्ये झाला. मानवी रोहिणीतील अरेखित स्नायुकोशिका फॉस्फेटाचे प्रमाण जास्त असलेल्या द्रवात वाढविल्या असता त्या फॉस्फेट आत घेतात, स्नायूचे गुणधर्म सोडतात व अस्थिकोशिकांप्रमाणे वागू लागून आपल्याभोवती खनिजे साचवितात. भित्ती येथे निष्क्रिय राहत नाही, तिचे एक प्रकारे अस्थीत रूपांतर होऊ लागते. यानंतर २०११ मध्ये डॅलसच्या गटाने वृक्कविकार जडविलेल्या उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या उंदरांत क्लोथो जनुकीय उपायाने वाढविलेले होते, त्यांच्या मूत्रातून अधिक फॉस्फेट बाहेर पडले, वृक्कांचे कार्य तुलनेने चांगले राहिले व रोहिण्यांत खनिजांचा संचय फार कमी झाला.

हृदयाच्या स्नायूवर होणारा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे. वृक्क दुर्बल झाल्यावर फॉस्फेट बाहेर टाकण्यासाठी अस्थी घटक–२३ अधिकाधिक स्रवतात. हे वाढलेले हॉर्मोन क्लोथोच्या मदतीवाचूनही हृदयाच्या कोशिकांवर कार्य करून डाव्या निलयाची अतिवृद्धी घडविते, असे २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविण्यात आले. उलट रक्तातील मुक्त क्लोथो उंदराच्या हृदयाचे अशा अतिवृद्धीपासून रक्षण करते, असे २०१२ मध्ये आढळले. म्हणजे क्लोथो घटले की, रोहिण्या कठीण होतात, हॉर्मोनाचा अतिरेक होतो व हृदयाचे संरक्षणही कमी होते.

मानवातील पुरावा : उंदरांतील निष्कर्ष मानवास कितपत लागू पडतात, याची पडताळणी अनेक मार्गांनी झाली. क्लोथो जीनाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्या १३ वर्षांच्या एका मुलीचे वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या रक्तात फॉस्फेट व घटक–२३ ही दोन्ही वाढलेली होती आणि मृदू ऊतकांत, मेंदूच्या बाह्य आवरणात व मानेतील रोहिण्यांत खनिजे साचलेली होती. याउलट, गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे क्लोथो प्रमाणाबाहेर वाढलेल्या एका रुग्णात फॉस्फेट कमी होऊन मुडदूस झाल्याचे २००८ मध्ये नोंदविले गेले. क्लोथोची उणीव घातक असली, तरी त्याचा अतिरेकही निर्धोक नाही, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

सर्वसामान्य लोकसंख्येतील पुरावा कमी स्पष्ट आहे. इटलीतील किआंती प्रदेशातील रहिवाशांच्या पाहणीत ज्यांच्या रक्तद्रवात क्लोथो अधिक होते, त्यांच्यात हृद्‌रोग व रक्तवाहिन्यांचे विकार कमी आढळले. तेथील ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी ज्यांच्यात ते सर्वांत कमी होते, त्यांचे मृत्युमान अधिक होते. ही दोन्ही अनुमाने २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वृक्कविकाराच्या रुग्णांवरील काही पाहण्यांत मात्र असा संबंध आढळला नाही. मापनाच्या पद्धतींतील फरक हे या विसंगतीचे एक कारण मानले जाते. शिवाय वृक्क दुर्बल झाले की, क्लोथो आपोआप घटते. त्यामुळे त्याची घट हे विकाराचे कारण आहे की केवळ निदर्शक, हे अशा पाहण्यांवरून ठरविता येत नाही.

मतभेद : क्लोथो अधिक प्रमाणात निर्माण करणारे उंदीर अधिक जगतात, असे कुरो-ओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जाहीर केले. आयुर्मानातील वाढ नरांत सु. २० ते ३१ टक्के व माद्यांत सु. १९ टक्के होती. या वृत्तामुळे क्लोथोस ‘वार्धक्यरोधी हॉर्मोन’ असे नाव मिळाले आणि त्याला मोठी प्रसिद्धी लाभली. परंतु एखाद्या प्रथिनाच्या अभावी वार्धक्यासारखी लक्षणे दिसतात, एवढ्यावरून स्वाभाविक वार्धक्य त्याच कारणाने येते, असे म्हणता येत नाही. क्लोथोहीन उंदीर हे वार्धक्याचे नव्हे, तर खनिजांच्या विषाक्ततेचे उदाहरण होय, असा आक्षेप काही वैज्ञानिकांनी घेतला आहे. रोहिणीच्या भित्तीत क्लोथो मुळातच तयार होते किंवा नाही, याविषयीही परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत.

कॅल्शियम-प्रथिन कण : कुरो-ओ हे २०१३ मध्ये जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठात रुजू झाले. यानंतर त्यांनी फॉस्फेट नेमक्या कोणत्या रूपात अपाय करते, या प्रश्नाकडे लक्ष वळविले. कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आले म्हणजे त्यांचा साका बनू लागतो. रक्तात मात्र फेट्युइन–ए हे यकृतात निर्माण होणारे प्रथिन या सूक्ष्म कणांना वेढून तरंगत ठेवते. अशा कणांना कॅल्सिप्रोटीन कण म्हणतात. त्यांची वाढ होऊन ते स्फटिकरूप झाले म्हणजे वाहिन्यांच्या कोशिकांस इजा करतात, असे कुरो-ओ यांचे प्रतिपादन आहे. वृक्काच्या सूक्ष्म नलिकांतील द्रवात तयार होणारे कॅल्शियम फॉस्फेटाचे सूक्ष्मस्फटिक नलिकांच्या कोशिकांना इजा करतात व वृक्कविकार बळावतो, असे त्यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखविले. फॉस्फेटाच्या भाराने वृक्क दुखावतो व दुखावलेल्या वृक्कात क्लोथो घटते. त्यामुळे फॉस्फेटाचा भार आणखी वाढतो व हे दुष्टचक्र चालू राहते.

उपयोजन व मर्यादा : या संशोधनाचा प्रत्यक्ष वैद्यकीय लाभ प्रथम अस्थिविकारात झाला. घटक–२३ ला निष्प्रभ करणारे बुरोसुमॅब हे औषध आनुवंशिक फॉस्फेटन्यूनतेवर २०१८ मध्ये यूरोप व अमेरिकेत संमत करण्यात आले. रोहिण्यांच्या बाबतीत असे यश मिळालेले नाही. आतड्यात फॉस्फेट बांधून ठेवणारे लँथॅनम कार्बोनेट वृक्कविकाराच्या २७८ रुग्णांपैकी निम्म्यांना ९६ आठवडे देऊन ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व मलेशिया येथे चाचणी घेण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार रोहिण्यांची कठीणता किंवा महारोहिणीतील खनिजसंचय यांत औषध घेणारे व न घेणारे यांत लक्षणीय फरक पडला नाही. उंदरात स्पष्ट दिसणारा कार्यकारणसंबंध मानवी रुग्णाच्या उपचारात जसाच्या तसा उतरत नाही, हे यावरून दिसते. क्लोथो हे प्रथिन स्वतः औषध म्हणून संमत झालेले नाही.

आहाराच्या दृष्टीने मात्र या माहितीस व्यावहारिक मोल आहे. कडधान्ये व तृणधान्ये यांतील फॉस्फरस बव्हंशी फायटेटाच्या रूपात असल्याने त्याचा थोडाच भाग शोषिला जातो. मांस व दूध यांतील फॉस्फरस त्याहून अधिक शोषिला जातो. टिकाऊपणासाठी किंवा चवीसाठी बाटलीबंद पेयांत व तयार खाद्यपदार्थांत मिसळलेली फॉस्फेटे तर जवळजवळ पूर्णपणे शोषिली जातात. निरोगी वृक्क हा भार सहज वाहतो. परंतु वृक्कविकार असलेल्यांनी अशा पदार्थांविषयी जपावे, असा सल्ला वैद्य देतात. मधुमेह व अतिरक्तदाब ही चिरकारी वृक्कविकाराची प्रमुख कारणे असून ती भारतातही विपुल आढळतात. त्यामुळे हृदयाचे रक्षण करू पाहणाऱ्या वैद्यकास वृक्काच्या स्थितीकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते.